पत्राची प्रत : कोणास, कशी व कां ?

सुशिक्षित घरांतून आज टपालवाल्याची वाट पूर्वींइतकी पाहिली जात नाहीं. बँकेचा हिशेब, शाळेची सूचना, गृहनिर्माण संस्थेच्या सभेचें निमंत्रण, परदेशीं असलेल्या मुलाची खुशाली, हें सर्व आतां ई-मेलनें येतें व त्याचें उत्तरहि त्याच वाटेनें जातें. पत्र लिहावयास बसलें म्हणजे पडद्याच्या शिरोभागीं पत्ता लिहिण्यासाठीं एक नव्हे, तर तीन जागा दिसतात. पहिलीवर 'प्रति' असें असतें. दुसरीवर 'सीसी' आणि तिसरीवर 'बीसीसी' हीं अक्षरें असतात. पहिलीचा अर्थ शाळेंतील पोरासहि कळतो. उरलेल्या दोन जागांविषयीं मात्र पुष्कळांची समजूत अंधुक असते. कोणी तिन्ही जागा सारख्याच समजून हवा तो पत्ता हवा तेथें टाकतो. कोणी भीतीनें दुसऱ्या दोन जागांस हातच लावीत नाहीं. या अंधुकपणापायीं कधीं काम अडून राहतें, कधीं मनें दुखावतात, आणि क्वचित् प्रसंगीं माणसाच्या जिवावरहि बेततें. म्हणून या तीन जागांचा अर्थ मुळापासून समजून घेणें अगत्याचें आहे.

पत्र एकास लिहावें आणि त्याची वार्ता दुसऱ्यासहि रीतसर असावी, ही गरज कांहीं आजची नव्हे. मराठशाहीच्या दप्तरांत ती पदोपदीं दिसते. सरकारांतून एकाद्यास इनाम जमीन मिळाली म्हणजे एकच सनद देऊन काम भागत नसे. एक पत्र इनामदारास, एक गांवच्या मोकदमास, एक परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस व एक तेथील अंमलदारास, अशीं निरनिराळीं पत्रें निघत. गोष्ट एकच, पण प्रत्येकाचें तिच्याशीं नातें निराळें, म्हणून प्रत्येकास पत्रहि निराळें. वाचणारानें आपल्याजवळ पत्राची 'तालीक', म्हणजे नक्कल, उतरून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठीं इनामदारास परत द्यावें, अशी आज्ञाहि अशा पत्रांतून लिहिलेली आढळते. अस्सल कोणाजवळ राहावें आणि नक्कल कोणाजवळ, याचा विचार त्या काळच्या कारकुनांनीं किती काटेकोरपणें केला होता, हें यावरून ध्यानांत येईल.

शहाजीराजांच्या जहागिरींत जे परगणे होते त्यांत इंदापूरचाहि परगणा होता. पुढें इंग्रजी अंमलांत, १८३५-३६ सालीं, गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं मुंबई इलाख्यांतील जमीनमोजणीची जी नवी पद्धति बसविली, तिचा आरंभ याच इंदापूर तालुक्यांत झाला. शेताशेतास क्रमांक मिळाला, क्रमांकावार नोंदी झाल्या, आणि गांवचें दप्तर व तालुक्याची कचेरी यांतील कागद एकमेकांशीं जुळावे लागले. त्या तालुक्यांतील निमगांव केतकीसारख्या गांवीं अक्षरशत्रु म्हाताऱ्याच्या तोंडींहि 'नक्कल' हा शब्द सहज असतो, तो अशा परंपरेंतून आलेला आहे. सातबाराची नक्कल काढणें म्हणजे काय, हें त्यास कोणी समजावून द्यावें लागत नाहीं.

हातानें नक्कल करणें म्हणजे पत्र पुन्हां लिहिणेंच होय. प्रत्येक प्रतीस कारकुनाचा वेळ व शाई खर्ची पडे. म्हणून प्रत कोणास पाठवावयाची याचा विचार आपोआपच होई. १८०६ सालीं राल्फ वेजवुड या इंग्रज गृहस्थानें कार्बनच्या कागदाचें पेटंट घेतलें, आणि पुढें टंकलेखन-यंत्र प्रचारांत आल्यावर या कागदाचें खरें चीज झालें. दोन कोऱ्या कागदांमध्यें कार्बनचा कागद घालून यंत्र चालविलें कीं वरच्याबरोबर खालच्या कागदावरहि अक्षर उमटे. पत्राची प्रत ज्यांस जावयाची त्यांचीं नांवें तळाशीं लिहीत, आणि त्या नांवांच्या आधीं 'कार्बन कॉपी' या शब्दांचीं आद्याक्षरें, म्हणजे 'सीसी', घालीत. ज्यास पत्र मिळे त्यास तीं नांवें दिसत. क्वचित् अशीहि वेळ येई कीं एकाद्यास प्रत तर द्यावयाची, पण मूळ वाचकास तें कळूं द्यावयाचें नाहीं. अशा वेळीं टंकलेखक मूळ पत्र यंत्रांतून काढून घेई, आणि उरलेल्या प्रतीवर तेवढेंच एक नांव स्वतंत्रपणें उमटवी. हिला 'ब्लाइंड कार्बन कॉपी', म्हणजे आंधळी प्रत, असें नांव पडलें. मूळ वाचक तिच्यापुरता आंधळा, हा त्यांतील भाव. तिचींच आद्याक्षरें 'बीसीसी'. मराठींत पहिलीस उघड प्रत व दुसरीस गुप्त प्रत म्हटल्यास अर्थ चोख उतरतो.

महाराष्ट्रांतील सरकारी कचेऱ्यांनीं उघड प्रतीची रीत आणखी सुधारली. पत्राखालीं नुसतीं नांवें देऊन त्या थांबत नाहींत. प्रत कशासाठीं हेंहि सांगतात. वरिष्ठास जाणारी प्रत 'माहितीसाठीं सविनय सादर' होते; ज्याच्या हातून कांहीं घडावयाचें आहे त्यास ती 'माहितीसाठीं व आवश्यक त्या कार्यवाहीसाठीं' जाते. शासन-निर्णयाखालीं जी लांबलचक यादी असते तिच्या अखेरीस बहुधा 'निवडनस्ती' हा शब्द येतो. ती प्रत कोणा माणसासाठीं नसून कचेरीच्या संग्रहासाठीं असते. एवढ्या दोनतीन ठराविक शब्दांनीं प्रत्येकाचें स्थान निश्चित होतें.

आतां ई-मेलकडे वळूं गेल्यास असें दिसतें कीं त्यानें ही सारी भाषा वारसाहक्कानें उचलली. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानें 'अर्पानेट' नांवाच्या जाळ्यावरून एका संगणकाहून दुसऱ्यावर पत्र धाडण्याची युक्ति साधली, आणि पत्त्यांत माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें 'ॲट' हें चिन्ह घातलें. पुढें ऑगस्ट १९८२ मध्यें डेव्हिड क्रॉकर यांनीं सिद्ध केलेला ८२२ क्रमांकाचा नियमलेख प्रसिद्ध झाला. त्यांत प्रति, सीसी व बीसीसी या तिन्ही जागा नांवानिशीं नमूद आहेत. भारतांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें, तेव्हां या जागा आपल्याकडेहि आल्या. कार्बनचा कागद कचेऱ्यांतून बहुतेक नाहींसा झाला. त्याचें नांव मात्र पडद्यावर राहिलें.

ई-मेलच्या पत्राची वाटचाल समजण्यास साध्या टपालाची उपमा पुरेशी आहे. पत्रास दोन अंगें असतात : आंतला कागद व वरचा लिफाफा. टपालखातें लिफाफा पाहून पत्र पोंचवितें. आंतील कागदावर आरंभीं कोणाचें नांव आहे याच्याशीं त्यास कर्तव्य नसतें. ई-मेलमध्येंहि असेंच दोन अंगांचें पत्र असतें. 'पाठवा' हें बटण दाबतांच लिहिणाराचें यंत्र तिन्ही जागांतील सर्व पत्ते गोळा करून टपाल-यंत्राच्या स्वाधीन करतें. हा झाला लिफाफा. आंतील कागदाच्या शिरोभागीं मात्र प्रति व सीसी एवढींच नांवें राहतात. बीसीसीचीं नांवें पुसलीं जातात. म्हणून गुप्त प्रत मिळणारास पत्र मिळतें, पण इतरांच्या पत्रांत त्याचा मागमूस लागत नाहीं. गुप्त प्रत मिळालेल्या दोघांनाहि एकमेकांचा पत्ता सर्वसाधारणपणें दिसत नाहीं.

यांतून एक गोष्ट निष्पन्न होते, ती पुष्कळांस ठाऊक नसते. प्रति आणि सीसी यांत यंत्राच्या दृष्टीनें कांहींच भेद नाहीं. दोघांस तेंच पत्र, त्याच वेळीं, त्याच त्वरेनें जातें. भेद आहे तो माणसांच्या समजुतींत. 'प्रति' म्हणजे ज्याच्याशीं बोलणें आहे व ज्यानें काम करावयाचें आहे तो. 'सीसी' म्हणजे ज्यानें तें बोलणें शेजारीं बसून ऐकावें तो. यंत्र हा भेद पाळून देत नाहीं. लिहिणारानें व वाचणारानेंच तो पाळावा लागतो.

एक उदाहरण घेऊं. ज्येष्ठ वद्यांत देहूहून निघणारी श्रीतुकाराममहाराजांची पालखी पुणें, बारामती या मार्गानें पंढरपुरास जातांना निमगांव केतकी येथें मुक्काम करते व पुढें इंदापुरास जाते. हजारों वारकरी एका रात्रीपुरते गांवांत उतरतात. पाणी, दिवे, स्वच्छता व औषधोपचार यांची तयारी आधीं करावी लागते. समजा, ग्रामपंचायतीनें पाण्याच्या टँकरांसाठीं ई-मेल लिहिला. टँकर मिळवून देणें हें पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांचें काम, म्हणून 'प्रति'मध्यें त्यांचें एकट्याचें नांव हवें. तहसीलदारांस हें ठाऊक असावें, आणि आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनाहि पाणी कोठून येणार हें कळावें. म्हणून त्या दोघांचीं नांवें 'सीसी'मध्यें. आतां हींच तिन्ही नांवें 'प्रति'मध्यें एका ओळींत घातलीं तर काय होईल ? पहिल्यास वाटेल कीं दुसरा पाहील, दुसऱ्यास वाटेल कीं तिसरा पाहील. बारभाईच्या शेतीचें जें होतें तेंच त्या पत्राचें होईल, आणि पालखी वेशींत येईतों टँकरचा पत्ता नसेल. पत्र तिघांसहि मिळालें होतें, हें मागाहून सिद्ध करून तहानलेल्या वारकऱ्यांचें समाधान होणार नाहीं.

'प्रति'मध्यें एकाहून अधिक नांवें कधींच असूं नयेत, असा याचा अर्थ नव्हे. दोघांस दोन कामें सांगावयाचीं असतील तर दोघांचींहि नांवें तेथें योग्यच आहेत; मात्र मजकुरांत कोणी काय करावयाचें हें नांवानिशीं लिहिलें पाहिजे. उघड प्रतीविषयींहि हाच नियम. सरकारी पत्राच्या तळाशीं 'माहितीसाठीं' व 'कार्यवाहीसाठीं' हे शब्द असतात; ई-मेलच्या 'सीसी'च्या जागेंत ते लिहिण्याची सोय नाहीं. तेथें जिल्हाधिकारी व गांवचा शिपाई एकाच ओळींत बसतात. म्हणून तो खुलासा पत्राच्या अंगांत करावा. "तहसीलदारसाहेबांस माहितीसाठीं प्रत दिली आहे" एवढें एक वाक्य पुरे होतें.

उघड प्रतीचा एक दुरुपयोग कचेऱ्यांतून फार बोकाळला आहे. सहकाऱ्यास लिहिलेल्या अगदीं साध्या पत्राची प्रत कारण नसतां वरिष्ठास लावावयाची. लिहिणाराच्या मनांत कदाचित् सावधगिरी असेल. वाचणारास मात्र ती चहाडी वाटते, आणि उत्तर कामाचें न येतां बचावाचें येतें. दुसरा दोष प्रतींच्या सुकाळाचा. हातानें नक्कल करावी लागे तेव्हां चार प्रती काढतांना कारकुनाचा हात दुखे; आतां चाळीस प्रतींस चार प्रतींइतकाच श्रम पडतो. परिणामीं वरिष्ठाच्या पेटींत शेंकडों पत्रें सांचतात आणि खरोखर महत्त्वाचें पत्र त्या गर्दींत बुडतें. ज्यास पत्र न मिळाल्यानें त्याचें किंवा कामाचें कांहीं अडणार नाहीं, त्यास प्रत न देणें हाच त्याचा मान राखणें होय.

पत्र येतें तसें उत्तरहि जातें, आणि त्यांतहि दोन वाटा आहेत. 'उत्तर' हें बटण दाबलें तर उत्तर एकट्या लिहिणारास जातें. 'सर्वांस उत्तर' दाबलें तर तें प्रति व सीसी यांतील यच्चयावत् मंडळींस जातें. सभेची वेळ बदलावयाची असेल तर सर्वांस कळविणें रास्त आहे. पण "अभिनंदन" किंवा "पोंचलें" हे शब्द सर्वांच्या दारीं कशाला? येथें थोडें गणित उपयोगीं पडेल. शंभर जणांचीं नांवें उघड असलेलें एक पत्र आलें, आणि त्या प्रत्येकानें "माझें नांव यादींतून काढा" एवढेंच सर्वांस उत्तर दिलें, तर इतर नव्व्याण्णवांस एक एक याप्रमाणें ९,९०० पत्रें होतात. ऑक्टोबर १९९७ मध्यें मायक्रोसॉफ्ट या कंपनींत हेंच घडलें. हजारों नोकरांच्या एका यादीवर एक पत्र गेलें, लोकांनीं सर्वांस उत्तरें दिलीं, इतरांनीं सर्वांस उत्तर देऊं नका असें पुन्हां सर्वांसच लिहिलें, आणि कंपनीची टपाल-यंत्रणा त्या भारानें कोलमडली. नोव्हेंबर २०१६ मध्यें इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेंत एक चांचणीचें पत्र चुकून आठ लाखांहून अधिक नोकरांस गेलें. तेथेंहि 'सर्वांस उत्तर' देणारांमुळें दिवसभर टपाल तुंबलें. रुग्णालयाच्या टपालांत कामाचीं पत्रेंहि असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा केवळ विनोद राहत नाहीं.

आतां गुप्त प्रतीकडे. गुप्त हा शब्द ऐकतांच मनांत किंतु येतो. परंतु या प्रतीचा मुख्य उपयोग अत्यंत निर्मळ आहे. ज्यांची एकमेकांशीं ओळख नाहीं अशा पुष्कळांस एकच सूचना द्यावयाची असली म्हणजे त्यांचे पत्ते एकमेकांपासून झांकून ठेवणें हें लिहिणाराचें कर्तव्य आहे. समजा, इंदापूर तालुक्यांतील डाळिंबें खरेदी करणाऱ्या एका व्यापाऱ्यानें चाळीस बागायतदारांस भाव कळविला. सर्वांचीं नांवें उघड ठेवलीं तर त्याचा माल कोणाकोणाकडून येतो ही यादी चाळीस ठिकाणीं गेली, आणि प्रत्येक बागायतदाराचा पत्ता त्याच्या संमतीवांचून दुसऱ्याच्या हातीं पडला. येथें 'प्रति'मध्यें स्वतःचाच पत्ता घालावा व चाळीसहि पत्ते 'बीसीसी'मध्यें ठेवावे, ही रीत. यांत आणखीहि एक लाभ आहे. गुप्त प्रत मिळालेल्या कोणी 'सर्वांस उत्तर' दाबलें तरी तें उत्तर मूळ लिहिणाराकडेच येतें. कारण इतरांचीं नांवें त्याच्या पत्रांत नाहींतच. ९,९०० पत्रांचा पूर तेथेंच बांधला जातो.

तथापि गुप्त प्रत पत्ता झांकते, मजकूर झांकीत नाहीं, हें विसरूं नये. घरपट्टीची बाकी कोणाकडे किती, कोणत्या विद्यार्थ्यास किती गुण, कोणाच्या रक्तांत काय आढळलें, असा एकेकाचा खासगी मजकूर एकाच पत्रांत लिहून तो सर्वांस गुप्त प्रतीनें धाडणें म्हणजे दार लावून भिंत पाडण्यासारखें आहे. अशा वेळीं प्रत्येकास पृथक् पत्र हाच उपाय. यादींतील नांव व आंकडा उचलून एकेकाचें पत्र आपोआप सिद्ध करणारी 'मेल मर्ज' नांवाची सोय त्याकरितांच आहे. मराठशाहींत एकाच इनामाविषयीं चौघांस चार पत्रें जात, त्याचाच हा नवा अवतार म्हणावयास हरकत नाहीं.

पत्ते उघडे पडल्यानें केवढा अनर्थ ओढवूं शकतो, याचीं दोन उदाहरणें अलीकडचीं आहेत. सप्टेंबर २०१५ मध्यें लंडनमधील एका दवाखान्यानें आपलें वार्तापत्र सुमारें ७८० जणांस धाडलें. तें एच्. आय्. व्ही. च्या रुग्णसेवेशीं संबंधित होतें, आणि सर्व पत्ते गुप्त जागेंत न पडतां 'प्रति'मध्यें पडले. बहुतेक पत्त्यांत माणसाचें पूर्ण नांव होतें. जी गोष्ट कित्येकांनीं घरांतहि सांगितली नसेल ती एका क्षणांत शेंकडों अनोळखी लोकांस कळली. दुसरें उदाहरण याहूनहि भयंकर. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं तालिबाननें काबूल घेतलें. ब्रिटिश सैन्यास दुभाषे म्हणून व इतर रीतीनें साहाय्य केलेले अनेक अफगाण नागरिक तेव्हां प्राण वांचविण्यासाठीं लपून बसले होते. २० सप्टेंबर रोजीं ब्रिटनच्या संरक्षण खात्यानें अशा २४५ जणांस एक पत्र धाडलें, आणि सर्वांचे पत्ते सर्वांस दिसतील अशा जागीं घातले. कित्येक पत्त्यांबरोबर त्या माणसांचीं छायाचित्रेंहि दिसत होतीं. त्यांत दोघांनीं 'सर्वांस उत्तर' दिलें, आणि एकानें तर आपण कोठें आहों हेंहि त्यांत लिहिलें. ती यादी शत्रूच्या हातीं पडती तर ती मारावयाच्या माणसांचीच यादी ठरली असती. डिसेंबर २०२३ मध्यें ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनीं त्या खात्यास साडेतीन लक्ष पौंडांचा दंड केला. खात्याजवळ सैन्य होतें, शस्त्रें होतीं, हेरखातें होतें. उणीव होती ती पत्ता कोणत्या ओळींत लिहावा एवढ्या शिस्तीची.

गुप्त प्रतीचा दुसरा उपयोग मात्र जपून करावा, किंबहुना करूं नये हें बरें. दोघांमधील बोलणें तिसऱ्यास चोरून ऐकविण्यासाठीं ती वापरतां येते. एकाद्यास समजुतीचें पत्र लिहावयाचें आणि त्याची गुप्त प्रत त्याच्या वरिष्ठास वा भाऊबंदास द्यावयाची, ही गोष्ट नीतीस धरून तर नाहींच, पण शहाणपणाचीहि नाहीं. गुप्त प्रत मिळालेल्या माणसानें अनवधानानें 'सर्वांस उत्तर' दाबलें, तर त्याचें उत्तर मूळ वाचकास जाऊन पोंचतें, आणि पडद्यामागें कोण बसलें होतें तें त्याच क्षणीं उघड होतें. षट्कर्णी झालेली गोष्ट फार दिवस झांकून राहत नाहीं. तिसऱ्यास कळविणें खरोखर अवश्य असेल तर सरळ मार्ग असा कीं, पत्र आधीं ज्याचें त्यास लिहावें आणि मग आपल्याजवळील त्याची प्रत, कां पाठवीत आहों तें दोन ओळींत सांगून, तिसऱ्याकडे पुढें धाडावी. त्या माणसाचें उत्तर मग मूळ वाचकाच्या पेटींत जाऊन पडण्याचा धोका राहत नाहीं. इतकेंहि करून, तें पत्र उद्यां मूळ वाचकाच्या दृष्टीस पडलें तर आपणांस लाज वाटेल काय, हा प्रश्न स्वतःस विचारावा.

गुप्त प्रतीचा एक सभ्य उपयोगहि सांगण्याजोगा आहे. एका स्नेह्यानें दोन अपरिचितांची पत्रानें ओळख करून दिली. पुढचें बोलणें त्या दोघांचें आहे. उत्तर देणारानें स्नेह्याचें नांव गुप्त जागेंत हलवावें व पत्रांत तसें लिहावें. स्नेह्यास कळतें कीं ओळख पटली, आणि पुढील पन्नास पत्रांच्या त्रासांतून त्याची सुटकाहि होते. येथें गुप्तता सांगून केलेली असते. म्हणून तीत कपट नाहीं.

कायद्याच्या दृष्टीनेंहि या प्रती आतां क्षुल्लक राहिलेल्या नाहींत. १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलांत आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें इलेक्ट्रॉनिक लेखास कागदी लेखाप्रमाणें मान्यता दिली. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांत 'माहिती' या शब्दाची जी व्याख्या आहे तींत ई-मेल हा शब्द स्पष्टपणें घातलेला आहे. म्हणजे सरकारी पत्रव्यवहारांतील प्रत कोणास गेली, हा नागरिकानें विचारावयाचा विषय होऊं शकतो. तेथें 'गुप्त' हा शब्द यंत्रापुरताच खरा. २०२३ सालीं संसदेनें व्यक्तींच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्यानें अंमलांत यावयाच्या आहेत. लोकांची माहिती बाळगणाऱ्या संस्थेनें ती संभाळण्याची वाजवी खबरदारी घेतली नाहीं, तर अडीचशें कोटि रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यांत आहे. ई-मेलचा पत्ता हीहि व्यक्तीची माहितीच होय.

ज्या घरांतून ई-मेल फारसा लिहिला जात नाहीं तेथेंहि हा विवेक उपयोगीं पडतो. कारण व्हॉट्सॲपवर हाच भेद दुसऱ्या नांवांनीं वावरतो. तेथील 'ग्रुप' ही उघड प्रत : प्रत्येकास प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक दिसतो व एकाचें उत्तर सर्वांस ऐकूं जातें. 'ब्रॉडकास्ट' यादी ही गुप्त प्रत : निरोप सर्वांस, पण ज्याच्या त्याच्या पेटींत एकेकट्यास, आणि उत्तर केवळ पाठविणारास. लग्नाचें निमंत्रण दोनशें घरीं धाडावयाचें असेल तर दुसरी रीत योग्य. घरच्या दहा माणसांनीं प्रवासाचा बेत ठरवावयाचा असेल तर पहिली. मात्र 'ब्रॉडकास्ट'चा निरोप ज्यानें पाठविणाराचा क्रमांक आपल्या यंत्रांत नोंदविला आहे त्यासच पोंचतो, एवढें ध्यानांत ठेवावें. नाहींतर एकादा पाहुणा निमंत्रणावांचून राहील.

या साऱ्या विवेचनाचें सार तीन प्रश्नांत मांडतां येतें. काम कोणी करावयाचें ? त्याचें नांव 'प्रति'मध्यें. त्या कामाची माहिती कोणास असावी, आणि ती त्यास आहे हें सर्वांस कळलेलें चालेल ? त्याचें नांव 'सीसी'मध्यें. एकमेकांशीं संबंध नसलेल्या कोणाकोणास तीच सूचना द्यावयाची आहे ? त्यांचीं नांवें 'बीसीसी'मध्यें, आणि मजकूर एकेकाचा खासगी असेल तर प्रत्येकास पृथक् पत्र. पत्र लिहितांना पत्ते आधीं न भरतां सर्वांत शेवटीं भरावे, ही संवय लावून घेतल्यास अर्धवट पत्र हातून निसटून जाण्याचें भय उरत नाहीं, आणि नांवें भरतांना या तीन प्रश्नांचा विचार शांतपणें होतो. जीमेलसारख्या सेवेंत गेलेलें पत्र परत ओढण्याची सोय आहे, पण तिची मुदत पांच सेकंदांपासून फार तर तीस सेकंदांपर्यंतच ठेवतां येते. तेवढा वेळ बटण दाबण्याच्या आधींच घेऊन नांवांची ओळ एकवार वाचली, तर त्या सोयीची गरजहि बहुधा पडावयाची नाहीं.